शालनवहिनीची रंगीत तालीम

दादाचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून कैऱ्या किसत होते. दोन्ही हात चिकट, म्हणून करंगळीनं फोन स्पीकरवर टाकला आणि “काय रे?” म्हटलं. पलीकडून हॉस्पिटलातले आवाज तेवढे येत होते, स्टीलचं काहीतरी खाली पडल्याचा, कुणीतरी सिस्टरला हाक मारल्याचा. मग दादा म्हणाला, “टायरात हवा भरायची राह्यली गं, कुंदा.” एवढंच... आणि माझी वहिनी गेली हे मला कळलं. लोक अशा वेळी ‘सुटली’ म्हणतात, ‘देवाघरी गेली’ म्हणतात. माझ्या सख्ख्या भावाला यातलं काही म्हणता आलं नाही. त्याला टायर आठवले. आणि गंमत अशी, की मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. दरवर्षी मे महिन्यात गावी जायच्या आधी शालनवहिनी महिनाभर गाडीची तयारी करायची, आणि त्या तयारीतलं सगळ्यात शेवटचं काम म्हणजे निघायच्या सकाळी टायरात हवा. यंदाही बाकी सगळं करून झालं होतं. तेवढं एक राहिलं होतं. मी हात धुतले, गॅस बंद आहे का ते बघितलं आणि बोरीवलीहून मुलुंडला निघाले. किसलेली कैरी तशीच ताटलीत राहिली आणि संध्याकाळपर्यंत काळी पडली.

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. खरं सांगू का, मी थकलेय. रडून नाही, रडायला वेळच कुठे मिळाला... चहा करून थकलेय. येणारा प्रत्येक जण “कसं झालं हो अचानक?” विचारतो आणि ते अचानक नव्हतं हे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. हृदय अशक्त झालं होतं, पाणी साठत होतं, डॉक्टरांनी हिवाळ्यातच कल्पना दिली होती. मग ते मान हलवतात, आणि बिस्किटाला हात घालत विचारतात, “आता गाडीचं काय करणार?” माणूस गेल्यावर पहिल्या पंधरवड्यात घरी येऊन गाडीचं विचारायचं कुणाला सुचतं? पण विचारतात. कारण मुलुंडच्या त्या सोसायटीत, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांत, शालनवहिनी म्हणजे ती गाडी आणि ती गाडी म्हणजे शालनवहिनी हे पक्कं होतं. दादा चारचौघांत गाडीची ओळख करून द्यायचा तीच मुळी “ही माझी सवत” अशी. ती म्हणायची, “मग वागायला शिका तिच्याशी, घाबरता काय!”

घाबरायचाच तो. गाडी घेतली होती त्यानंच, हौसेनं, लायसन वगैरे काढून. पहिल्याच रविवारी पार्किंगमधून काढताना सोसायटीच्या गेटचा खांब घेतला अंगावर. खांब वाकला, बंपर गेला, वॉचमन उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. दादा शांतपणे खाली उतरला, चावी वहिनीच्या हातात दिली आणि म्हणाला, “मी आता आयुष्यात चावीला हात लावायचो नाही.” आणि लावला नाही, गिरणीकामगाराच्या पोराचा हट्ट तो. वहिनी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, सरकारी कचेरीत क्लार्क, माहेर नाशिककडचं, सायकलसुद्धा धड येत नव्हती. दुसरी एखादी असती तर गाडी विकून सोनं केलं असतं. ही बाई दुसऱ्या दिवशी मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आली. वर “एकटीला लाज वाटते” म्हणून मलाही ओढलं. शनिवारी-रविवारी मी बोरीवलीहून मुलुंडला येऊन गाडी शिकायचे. दोघींनाही लायसन मिळालं. मी पुढे भाजी आणायला, बँकेत जायला अशी गल्लीबोळातून मैत्रिणीची गाडी हाकत राहिले. हायवेचं नाव काढलं की माझे पाय गार पडायचे. तिनं मात्र पहिल्याच मे महिन्यात गाडी थेट गावी नेऊन उभी केली. आमचं गाव कणकवलीच्या पुढे, आत. समुद्र तिनं लग्नानंतर पाहिलेला, फणस कापायला तिला आजन्म जमला नाही, पण आम्हा कोकणातल्या माणसांना दर उन्हाळ्यात आमच्याच गावी नेऊन सोडणारी ती नाशिकची बाई. नाहीतर दादाचं गाव केव्हाच सुटलं असतं. बसमध्ये त्याला पनवेलच्या पुढे उलट्या होतात आणि मे महिन्यातली ट्रेनची तिकिटं आमच्या नशिबात कधीच नसतात.

तिची तयारी बघायला बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत येऊन उभी राहायची. गुढीपाडवा झाला की सुरू. गॅरेजमध्ये गाडी सोडून घरी येणं तिला मंजूरच नव्हतं. स्टूल मागून घेऊन ती तिथेच बसायची. ब्रेकचे पॅड काढून हातात घेऊन बघायची, फॅनबेल्टवर बोट फिरवून भेगा चाचपायची, कूलंटचा रंग डोळ्यांसमोर धरून बघायची. गॅरेजवाला वैतागून म्हणायचा, “भाभी, आप ही कर लो.” त्यावर ही, “करूंगी, तुम्हारा पाना दो.” बॅटरीच्या टोकांवर पांढरं साठलेलं असायचं ते गरम पाणी ओतून जुन्या टूथब्रशनं घासायची. वायपरचे रबर दरवर्षी नवे, कारण येताना वळीव गाठतोच. स्टेपनी आणि जॅक डिकीतून काढून दादाकडून एकदा चाक बदलून घ्यायची, भर उन्हात, पार्किंगमध्ये. तो घाम पुसत म्हणायचा, “अगं, पंक्चर झाल्यावर बदलतात गं चाक!” आणि ती म्हणायची, “तेव्हा तुम्ही उलट्या करत असता.” टायरची हवा मात्र शेवटच्या सकाळी. घरून पंपापर्यंत जाईल तेवढीच गाडी चाललेली हवी. गरम टायर खोटं बोलतो, आहे त्याहून जास्त हवा दाखवतो, असं ती म्हणायची. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की अभिजित, म्हणजे त्यांचा मुलगा, कॅनडात गाडी घेतल्यावर त्यानं फोनवर पहिलं हेच सांगितलं, “आई, इथे टायर कायम खरंच बोलतात.”

पण या सगळ्यावर कडी म्हणजे रंगीत तालीम. हा शब्द तिचाच. निघायच्या आधीच्या रविवारी सगळं सामान, सगळी माणसं, प्रत्येक जण आपापल्या जागेवर, एसी फुल आणि गाडी मुलुंडहून ठाण्यामार्गे घोडबंदर रोडला. तिथे गायमुखचा चढ आहे. तो चढ भरल्या गाडीनं चढला आणि टेंपरेचरचा काटा वर सरकला नाही, तर गाडी घाटाला लायक. चढ संपला की बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, आणि वहिनी कमरेवर हात ठेवून कान देऊन उभी. मग पुढे बोरीवलीला माझ्याकडे जेवण. आता यातला वेडेपणा ऐका. जेवण माझ्या घरी, पण मी सकाळी उठून, भाजी-आमटी करून ठेवून, बस पकडून मुलुंडला जायचं. कशाला? तर ड्रायव्हरच्या मागच्या माझ्या सीटवर बसून परत माझ्याच घरी यायला! पहिल्या वर्षी मी भांडले. म्हटलं, “वहिनी, मी घरीच थांबते, तुम्ही या.” तर म्हणाली, “आणि तुझं वजन कोण भरणार? गोणी ठेवू?” पुढे कितीतरी वर्षं मी ते वजन भरत राहिले. घरी पोचल्यावर माझ्याच दारात मला “दमलीस का गं प्रवासानं?” असं विचारून ती पंख्याखाली बसायची, आणि मी तशीच पोळ्या लाटायला उभी.

जाताना गाडी हलकी असते, येताना आंबे, तांदूळ, नारळ, कोकमं यांनी जड होते. म्हणून तालमीला येतानाचंही वजन हवं. त्यासाठी ती पाण्याचे मोठे कॅन भरून डिकीत ठेवायची, आंब्याच्या पेट्यांच्या जागी. एका वर्षी काय झालं, तालमीनंतर कॅन उतरवायचे राहिले. तिला वाटलं दादानं उतरवले, दादाला वाटलं तिनं. त्यांच्यावरच पिशव्या रचल्या गेल्या आणि आम्ही मुलुंडचं पाणी घेऊन थेट गावी पोचलो. अंगणात डिकी उघडली, तर आमची काकी, तेव्हा ती होती, पदर तोंडाला लावून बघतच राहिली. “गे शालन, हय बावडी आटली असा समाजलंस की काय? मुंबयसून पाणी हाडलंस!” अख्खी वाडी हसायला गोळा झाली. शेजारचे आजोबा तर ते पाणी चाखून गेले आणि “बरा आसा, पण आमच्यासारख्या नाय,” असा निकाल देऊन गेले. वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आयुष्यात तिच्याकडून तयारीत झालेली ती एकच चूक, आणि ती तिला मरेपर्यंत कुणी विसरू दिली नाही. दादा तर लग्नाकार्यात अनोळखी माणसांनाही सांगायचा.

निघताना गाऱ्हाणं व्हायचं. चाकाखाली लिंबं, बॉनेटपुढे नारळ, आणि दादा हात जोडून सुरू करायचा, “बा देवा म्हाराजा...” मागे आम्ही सगळे “व्हय म्हाराजा!” समोरच्या हंसाबेनसुद्धा गॅलरीतून ओरडायच्या, “व्हय म्हाराजा!” त्यांना अर्थ कधी कळला की नाही कोण जाणे, पण आवाज सगळ्यांत खणखणीत. ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी येतत, वाटेत जी काय इडापिडा आसात ती दूर कर, असं दादा म्हणायचा, आणि वहिनी हळूच कोपरानं ढोसून सांगायची, “टायरचं म्हणा, टायरचं.” मग तो, “आणि टायर पंक्चर होव नको रे म्हाराजा!” आणि सगळ्या पार्किंगमध्ये हशा. देवावर तिचा विश्वास होता, पण तपासून घेतलेला. मग ती आपली उशी सीटवर टाकायची, कारण बुटकी होती, उशीशिवाय तिला बॉनेटच्या पुढचं दिसायचं नाही. निळ्या चौकटीच्या अभ्र्याची, बसून बसून चपटी झालेली उशी. ती टाकली, तिच्यावर नीट टेकून बसली, की आमचा उन्हाळा सुरू झाला.

या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग बोलताना. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं. तिनं ऐकून घेतलं. वादबीद काही घातला नाही, आणि तिथेच मला भीती वाटली. पाडवा झाल्यावर मी मुलुंडला गेले तर ही पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, आणि गॅरेजवाला गाडीखाली. बेल्ट बदलला, कूलंट बदललं, बॅटरीची टोकं तिनं दादाकडून घासून घेतली. मी म्हटलं, “कुणासाठी चाललंय हे?” तर म्हणाली, “गाडीसाठी.” आणि त्याच आठवड्यात फोन... “रविवारी तालीम आहे. ये.” मी वैतागले. “अगं, मे महिना यायचाय अजून! एवढी कसली घाई?” तर म्हणाली, “मे महिना येईल गं. माझं सांगता येत नाही.” दूधवाला आला नाही हे सांगावं तितक्याच आवाजात.

मी गेले. पार्किंगमध्ये जाऊन बघते तर वहिनी डावीकडे पुढे, दादाच्या जागेवर, आणि दादा मागे, माझ्या जागेवर, हातात आवळा सुपारीची डबी घट्ट धरून. “मी कुठे बसू?” विचारलं, तर म्हणाली, “रिकामी कुठली दिसते?” मी म्हटलं, “वेड लागलंय का तुला? मी आयुष्यात हायवेला चालवलेली नाही.” “म्हणूनच तालीम म्हणतात तिला. लायसन काय पापडाच्या डब्यावर झाकण म्हणून काढलंस?” आता या बाईशी कोण बोलणार... मी बसले. माझे गुडघे आपटले, मी तिच्याहून चांगली हातभर उंच. तिनं उशी काढून मागे भिरकावली आणि सीट मागे घ्यायला लावली. “अजून घे. अजून. पाय पूर्ण दाबला जातोय का? आता आरसा. मागची काच दिसली पाहिजे, तुझं थोबाड नाही.” ठाण्यापर्यंत मी दातखिळी बसल्यासारखी चालवत गेले. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला, एसी फुल असून. ती काही शिकवत नव्हती, ब्रेक मार म्हणत नव्हती, तिचे हात मांडीत होते. मला तेच जड जात होतं. नेहमीसारखी ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

गायमुखच्या चढावर मधोमध पुढचा ट्रेलर थांबला. मी थांबले. मग तो हलला, मी क्लच सोडला, आणि गाडी बंद. मागे सरकली थोडी. मागच्यानं असा हॉर्न मारला की दादा मागे “देवा म्हाराजा” करायला लागला. “वाट लागली, वहिनी! मी उतरते, मला नाही जमत,” मी खरंच दरवाजाला हात घातला होता. ती म्हणाली, “लागू दे वाट. हॅण्डब्रेक ओढ आधी. ओढलास? आता श्वास घे. मागच्याला घाई असेल तर तो उडून जाईल. आपल्याला गावीच जायचंय ना, गाव काही पळत नाही.” बोलता बोलता तिला धाप लागली. ती खिडकीकडे वळली आणि तोंड उघडून श्वास घेत राहिली, मला दिसू नये म्हणून. मला ते दिसलं... आणि काय झालं कुणास ठाऊक, माझी भीतीच संपली. म्हणजे दुसरी एवढी मोठी भीती समोर बसली होती, की चढाचं काय घेऊन बसायचं. मी गाडी चालू केली, अर्धा क्लच, हॅण्डब्रेक सोडला, चढ चढून वर आले. वर बाजूला घेतली. या वेळी ती उतरली नाही. म्हणाली, “तू बघ.” मी बॉनेट उघडलं. “काय ऐकू येतं?” खिडकीतून विचारलं तिनं. मी म्हटलं, “काहीच नाही.” “बरोबर. काही ऐकू येता कामा नये.”

दादा पलीकडे ताडगोळे घ्यायला गेला होता. तेवढ्यात तिनं मला खिडकीशी बोलावलं. “कुंदा, मी नसले की हे घरात बसतील. दारं लावून, टीव्ही लावून. वर्ष-दोन वर्षं तसेच बसतील आणि मग उठायचेच नाहीत.” मी म्हटलं, “काहीतरी बडबडू नकोस. आणि ट्रेन नाही का?” “ट्रेन असली की माणूस तिकीट मिळालं नाही म्हणतो आणि आडवा होतो. गाडी तयार करून दाराशी उभी असली की निघावंच लागतं. मी एवढी वर्षं काय करत होते असं वाटतं तुला? मला काय बेल्ट बदलायची हौस होती? हे निघायला हवेत, म्हणून तयारी.” आणि दम खाऊन म्हणाली, “गावचं घर एक वेळ बंद पडलं तर पडू दे. ह्यांना बंद पडू देऊ नकोस.” मला राग आला. तिचाच आला, दुसऱ्या कुणाचा करणार. म्हटलं, “गप बस, यंदा तूच चालवणार आहेस.” ती “हो का? बरं,” म्हणाली आणि दादानं आणलेला ताडगोळा सोलायला घेतला. माझ्या घरी येऊन दोन घास दहीभात खाल्ला आणि दिवाणावर झोपून गेली. संध्याकाळी मीच गाडी मुलुंडला परत नेली. एप्रिल संपायच्या आत ती गेली.

अभिजित आला, कार्य करून, आईच्या साड्यांच्या कपाटापुढे एक दुपार नुसता बसून, परत गेला. जाताना म्हणाला, “आत्या, गाडी विकून टाका गं. बाबा चालवत नाहीत, उभी राहून सडेल.” त्याचं चुकलं असं नाही. सगळेच तेच म्हणत होते. कुणी म्हणे वर्षभर कुठे जाऊ नये, कुणी म्हणे आता आंबेही संपत आले, जाऊन करायचं काय. दादा पंखा लावून, टीव्ही लावून बसायचा. टीव्हीचा आवाज बंद. मी आठवड्यातून दोनदा जात होते, डबा देत होते, “गावी जाऊया का रे?” म्हणत होते, आणि तो “बघू” म्हणत होता. तो ‘बघू’ ऐकला की माझ्या अंगातलं त्राणच जायचं. मला तिचा शब्द पाळायचा होता, पण एका सत्तरीच्या माणसाला खुर्चीतून उठवायचं कसं, हे काही ती सांगून गेली नव्हती. मी पण काही तरुण नाही. माझी कंबर, माझे गुडघे, आणि तो उन्हाळा... एकदा तर बसस्टॉपवर उभी असताना मनात आलं, जाऊ दे, विकू दे गाडी, बसू दे त्याला, सुटू दे मला.

मग एका दुपारी गेले तर दाराला कुलूप. फोन घरातच वाजत होता. धावत खाली आले, तर पार्किंगमध्ये गाडीचं इंजिन चालू. जाऊन बघते तर दादा डावीकडच्या सीटवर, गिअरच्या दांड्यावरून अर्धा आडवा झालेला, लांबवलेला हात चावीवर, आणि तोंड स्टिअरिंगला टेकलेलं. मला वाटलं याला काहीतरी झालं! दार उघडून ओरडले, “दादा, काय करतोयस?” तो आरामात म्हणाला, “बॅटरी उतरते गं. दोन-तीन दिवसांनी चालू करतो.” “अरे मग पलीकडे बसून कर ना, माणसासारखा!” तर माझ्याकडे बघून म्हणाला, “त्या सीटवर बसायचं नाही. तिनं सांगितलंय. कुंदाची लावून ठेवलीय, म्हणाली, हलवू नका.” तो खांब वाकवल्या दिवसापासून ज्यानं त्या गाडीच्या चावीला हात लावला नव्हता, तो माझा भाऊ ती गेल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी खाली उतरून, कंबर मोडून घेऊन, माझी सीट न हलवता गाडी चालू ठेवत होता. मी तिथेच पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत, मोठ्यानं रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दादानं एसी लावला आणि म्हणाला, “आत बसून रड, बाहेर ऊन आहे.”

गेल्या आठवड्यात त्याचाच फोन आला. “रविवारी येशील ना?” तालीम हा शब्द त्यानं उच्चारला नाही. मी भाजी-आमटी करून ठेवली आणि नेहमीसारखी बस पकडून मुलुंडला गेले. सामान डिकीत भरून झालं होतं. दादा डावीकडे, आपल्या जुन्या जागेवर. मी दार उघडून बसले. गुडघे आपटले नाहीत. पाय बरोबर क्लचवर पडला, आरशाला हात लावावा लागला नाही. आरशात मागची काच दिसत होती, आणि काचेच्या खाली, माझ्या जुन्या जागेवर, निळं झाकण. वळून बघितलं. तिची ती चपटी उशी, उशीवर पाण्यानं भरलेला कॅन, आणि कॅनला आडवा सीटबेल्ट लावलेला. “हे काय रे?” मी म्हटलं. “वजन नको का भरायला?” दादा समोर बघत म्हणाला. मी विचारलं, “एकच कॅन?” त्यानं हात मागे नेऊन कॅनचा पट्टा नीट केला. मग म्हणाला, “शेवटी शेवटी तेवढीच राह्यली होती गं...”

गायमुखचा चढ मी चढले. वर बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, दोघंही उन्हात कमरेवर हात ठेवून उभे राहिलो. काही ऐकू आलं नाही. माझ्याकडे जेवून झाल्यावर दादानं विचारलं, “कॅन उतरवून ठेवू का?” मी म्हटलं, “राहू दे. यंदा मुद्दाम नेऊ.” तो हसला. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसला.

हे मी मुलुंडला, त्यांच्या हॉलमध्ये बसून लिहितेय. मला अजूनही हायवेची भीती वाटते, आणि थकवा तर असा आहे की इथेच आडवं व्हावं. पण दादानं टीव्ही बंद केलाय, नारळ आणि लिंबं काढून ठेवलीत, हंसाबेनना सांगून आलाय, आणि आता आतल्या खोलीत आवळा सुपारीची डबी शोधतोय. उद्या सकाळी आधी पंपावर जाऊन टायरात हवा भरायची, मग निघायचं.